समुपदेशन कक्षातली गोष्ट कोणापर्यंत जाते?

विद्यार्थी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो तेव्हा आपला त्रास तो सहसा लगेच सांगत नाही, कारण त्याआधी त्याला दुसरीच एक गोष्ट विचारायची असते. कोणी ती सरळ विचारतो, कोणी आडवळणाने. ‘मॅडम, हे डिपार्टमेंटला कळतं का?’ ‘घरी फोन करता का तुम्ही?’ ‘हे सगळं कुठं लिहून ठेवता?’ सोलापुरातील एका महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम करताना माझी खात्री झाली आहे की पुढचे सगळे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. उत्तर गोलमोल मिळाले, तर विद्यार्थी ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ एवढेच सांगतो, वेळापत्रकाबद्दल दोन शब्द ऐकून घेतो आणि पुन्हा फिरकत नाही. उत्तर स्पष्ट मिळाले, तर त्याच भेटीत नाही, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत तो खरे बोलू लागतो.

महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत समुपदेशक असले पाहिजेत, यावर आता फारसे दुमत उरलेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी २५ जुलै रोजी, विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना न्यायालयाने असेही सांगितले की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. या आदेशामुळे नेमणुका होतील, पाट्या लागतील, खुर्च्या येतील. मला काळजी आहे ती त्यापुढची. नेमलेल्या माणसाला विद्यार्थ्याची गोष्ट स्वतःपाशी ठेवता येईल अशी व्यवस्था संस्था करणार आहे का, याची.

हा प्रश्न सगळीकडचाच असला, तरी सोलापुरात त्याला वेगळी धार आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. तोपर्यंत इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. हे विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे आहे आणि माझ्या कामाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची ठरते. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलाला गर्दीत दिसेनासे होण्याची सोय असते. इथे विद्यापीठाच्या केगाव येथील आवारात जा, नाहीतर शहरातल्या कोणत्याही महाविद्यालयात जा, गावचा, भावकीतला किंवा गल्लीतला कोणीतरी भेटतोच. मंगळवेढ्याहून किंवा अक्कलकोटहून येणारी मुले एकाच एस.टी.तून रोज ये-जा करतात. पूर्व भागातल्या मुलींच्या आया एकाच विडी कारखान्यात पाने-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला जातात, आणि तिथे कोणाच्या मुलीचे काय चालले आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. ही ओळखीची वीण अडचणीच्या वेळी आधारही देते, हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु ज्या मुलाला आपल्या मनात काय चालले आहे ते अजून स्वतःलाही नीट सांगता येत नाही, त्याला हीच वीण पहिल्यांदा अडवते.

म्हणून समुपदेशन कक्ष नेमका कुठे आहे, ही गोष्ट मी क्षुल्लक मानत नाही. मला पहिल्यांदा मिळालेली खोली परीक्षा विभागाच्या खिडकीला लागून होती. अर्ज भरण्याच्या दिवसांत त्या खिडकीसमोर लांबलचक रांग असे आणि माझ्या दारात पाऊल टाकणारा प्रत्येक जण रांगेतल्या सगळ्यांना दिसे. खोलीची एक भिंत प्लायवूडची होती आणि ती छतापर्यंत पोहोचलेली नव्हती. पलीकडे कोणी ‘हॉलतिकीट कधी मिळणार?’ असे विचारले की ते मला स्पष्ट ऐकू येई, मग माझ्या खोलीत कोणी रडले तर ते पलीकडे ऐकू जात असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर मला ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. आता जिना चढणारा विद्यार्थी पुस्तक घ्यायला निघाला आहे की माझ्याकडे, हे खाली उभे असलेल्यांना कळत नाही. दोन भेटींच्या मध्ये मी पंधरा मिनिटे मोकळी ठेवते, म्हणजे बाहेर पडणाऱ्याची आणि आत येणाऱ्याची गाठ पडत नाही. वेळ मागण्यासाठी कारण लिहावे लागत नाही. एवढ्या साध्या बदलांनंतर येणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यात मुलगे दिसू लागले, जे आधी जवळजवळ येतच नव्हते.

पहिल्या भेटीत काय सांगायचे ते मी ठरवून ठेवलेले आहे आणि ते मी कधीही घाईत उरकत नाही. ‘तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. तुझे प्राध्यापक, प्राचार्य, वसतिगृहाचे रेक्टर, आई-वडील, यांपैकी कोणीही विचारले तरी तुझ्या परवानगीशिवाय मी सांगणार नाही. तू आला होतास हेसुद्धा नाही. मात्र काही प्रसंगी मला हे पाळता येणार नाही, आणि ते प्रसंग कोणते हे तुला आत्ताच माहीत असले पाहिजे. तुझ्या जिवाला धोका आहे असे मला वाटले, तुझ्याकडून दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका दिसला, अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा न्यायालयाने नोंदी मागवल्या, तर मला बोलावे लागेल. पण ते तुझ्या पाठीमागे होणार नाही. कोणाला सांगायचे आणि काय सांगायचे, हे शक्य असेल तोवर आपण दोघे मिळून ठरवू.’ हे ऐकल्यावर काही मुले सुटकेचा श्वास सोडतात, काही जण अपवादांविषयी प्रश्न विचारतात. प्रश्न विचारणाऱ्यांकडे मी अधिक लक्ष देते.

मागे आलेल्या एका मुलाविषयी लिहिते. त्याची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. सांगोला तालुक्यातला, एम.एस्सी. करणारा, शहरात कॉट बेसिसवर राहणारा. घरची डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली होती, कर्ज होते, आणि पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात आलेल्या या मुलाचे पदव्युत्तरच्या पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले होते. तो आला तो झोपेची तक्रार घेऊन. डोके जड होते, छातीत धडधडते, जेवण जात नाही, असे तो सांगत होता. आपल्याकडची मुले मनाचे दुखणे पुष्कळदा शरीराच्या भाषेत सांगतात आणि ते खोटे नसते, कारण त्यांना त्रास खरोखर तिथेच होत असतो. मी त्याला नैराश्याच्या तपासणीसाठी वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वाचून दाखवली. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारतात आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. आठ प्रश्नांची उत्तरे त्याने पटापट दिली. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा असतो. तिथे तो थांबला, टेबलावरच्या पेनचे टोपण काढत आणि लावत राहिला, आणि मग म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही ते अपवाद सांगितले, त्यात हे येतं का?’

त्या क्षणी समुपदेशकाला दोन मोह होतात. एक म्हणजे ‘नाही, नाही, तू बोल’ असे सांगून त्याला बोलते करायचे आणि नंतर शब्द मोडायचा. दुसरा म्हणजे घाबरून तिथल्या तिथे फोन उचलायचा. दोन्हींमुळे मुलगा हातचा जातो. मी त्याला खरे तेच सांगितले, की विचार येणे आणि तसे करण्याची तयारी असणे यांत फरक आहे, तो फरक समजून घेण्यासाठी मी आणखी काही विचारणार आहे, आणि धोका जवळचा वाटला तर आपल्याला तिसऱ्या माणसाची मदत लागेल. मग मी विचारत गेले. विचार किती वेळा येतात, कोणत्या वेळी येतात, काही ठरवले आहे का, आजवर कशामुळे थांबलास. असे थेट विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने ओझे हलके होते, असे अभ्यासांतून वारंवार दिसलेले आहे. त्याची उत्तरे ऐकल्यावर तिसऱ्या माणसाची गरज आहे हे स्पष्ट झाले, आणि तेही त्याला मी तसेच सांगितले.

‘वडिलांना नको,’ तो म्हणाला. ‘आधीच बाग गेलीय, हे ऐकलं तर ते खचतील.’ मग कोण, असे विचारल्यावर बराच वेळ विचार करून त्याने मामाचे नाव घेतले. मामा शहरातच एका यंत्रमाग कारखान्यात काम करत होते. मी काय बोलणार ते आधी कागदावर लिहिले आणि त्याला वाचून दाखवले. त्यातले एक वाक्य त्याने खोडायला लावले, त्यात राहिलेल्या विषयांचा उल्लेख होता. जीव वाचवण्यासाठी मामांना ते कळण्याची गरज नव्हती, म्हणून ते खोडले. फोन त्याच्यासमोर, स्पीकरवर केला. मामा पाळी संपवून तसेच आले, कपड्यांवर सुताची कणी होती. आल्या आल्या त्यांनी भाच्याला काही विचारले नाही, फक्त ‘चल, आज आमच्याकडंच जेवायचं आणि झोपायचं’ एवढे म्हणाले. पुढचे काही दिवस तो मामांच्या घरी राहिला, दुसऱ्या दिवशी तिघे मिळून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, आणि काही आठवड्यांनी वडिलांना त्याने स्वतःच, त्याला जमेल तेव्हा, सांगितले. अपवाद त्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगितले नसते तर नवव्या प्रश्नाला त्याने शून्य गुण दिले असते, असे मला आजही वाटते.

गुप्तता पाळणे हा समुपदेशकाचा चांगुलपणा नाही, विद्यार्थ्याचा तो हक्क आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयीची आणि उपचारांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिलेला आहे, आणि कोणत्या परिस्थितीत ती उघड करता येते तेही सांगितलेले आहे. जिवाला धोका असणे आणि इतरांना इजा होण्याची शक्यता असणे या त्यातल्या प्रमुख बाबी. समुपदेशनासाठी येणारा प्रत्येक विद्यार्थी या कायद्याच्या अर्थाने आजारी नसतो, बहुतेक जण नसतातच. तरी एवढे गंभीर दुखणे असलेल्या माणसाला कायदा जे संरक्षण देतो, ते प्रेमभंगाने किंवा नापास झाल्याने विकल झालेल्या मुलाला देऊ नये असे कोणते कारण असू शकते? याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. हे मी मुलांना आणि पालकांना मुद्दाम सांगते, कारण ‘पोलीस केस होईल’ या भीतीने अजूनही अनेक घरे गप्प बसतात. त्याच वेळी हेही प्रामाणिकपणे सांगावे लागते की वकिलाला अशिलाच्या गोष्टीबाबत कायद्याने जे संरक्षण दिले आहे, तसे आपल्याकडे समुपदेशकाला नाही.

अपवादांचा इतिहास पाहिला तर तो एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातच सुरू होतो, आणि त्यात भारतातून गेलेला एक विद्यार्थी आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने तिथल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितले की तो एका तरुणीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन चौकशी केली आणि सोडून दिले. त्या तरुणीला किंवा तिच्या घरच्यांना मात्र कोणीच सावध केले नाही, आणि पुढे तिचा खून झाला. तारासॉफ खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले की दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तेव्हा उपचारकाने त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी रास्त काळजी घेतली पाहिजे. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण जगभरातल्या समुपदेशकांच्या विचारावर त्याची छाप आहे. मला त्यातून दिसते ते हे, की चुकीच्या ठिकाणी सांगणे आणि न सांगणे यांचा परिणाम एकच होऊ शकतो. आपल्या महाविद्यालयांत मात्र अशा वेळी समुपदेशकाने नेमके कोणाला कळवावे, हे बहुतेक ठिकाणी कुठेच लिहून ठेवलेले नसते.

अकरावी-बारावीची मुले वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात असतात आणि ती अठरा वर्षांखालची असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत पालकांची भूमिका वेगळी राहते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. या मुलांना अपवाद सांगताना माझी वाक्ये अधिक सोपी आणि अधिक सावकाश असतात.

आता सोलापूरच्या भाषांविषयी. इथल्या वर्गात मराठीत बोलणाऱ्या मुलीच्या घरी तेलुगू असते, तिच्या शेजारी बसणारीच्या घरी कन्नड, पलीकडच्या मुलाच्या घरी उर्दू. दिवसभर ही मुले मराठीत हसतात, भांडतात, प्रॅक्टिकलच्या वह्या मराठीत मागतात. पण आजीच्या मृत्यूविषयी किंवा वडिलांच्या मारहाणीविषयी बोलण्याची वेळ आली की वाक्य मध्येच तुटते. एक मुलगी माझ्यासमोर अर्धा तास नेटक्या मराठीत बोलली आणि शेवटी आईचे बोलणे सांगताना तेलुगूत गेली, तेव्हा तिचा आवाजच निराळा झाला. मला तेलुगू जेमतेम समजते. अशा वेळी ‘मैत्रिणीला बोलावून घेऊ का, ती अर्थ सांगेल’ असे सुचवणे सोपे असते, आणि मी ते कधीही करत नाही. ती मैत्रीण त्याच गल्लीतली असणार, तिची आई आणि हिची आई एकमेकींना ओळखत असणार. मी तिला सांगितले, ‘तू तेलुगूतच बोल, मला सगळे कळले नाही तरी चालेल, नंतर जेवढे सांगावेसे वाटेल तेवढे मराठीत सांग.’ हा पर्याय पुरेसा नाही हे मला कळते. सोलापुरातल्या संस्थांनी समुपदेशक निवडताना तेलुगू किंवा कन्नड येणाऱ्या उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे, आणि सगळ्या महाविद्यालयांनी मिळून भाषा जाणणाऱ्या समुपदेशकांची एक सामायिक यादी केली तरी पुष्कळ काम होईल.

पालकांशी बोलणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि त्यांना दोष देणे मला मान्य नाही. पहाटेची एस.टी. पकडून, एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला बाप समोर उभा राहून म्हणतो, ‘मॅडम, पोरगी तुमच्यापाशी काय बोलली तेवढं सांगा, मी कुणाला सांगत नाही.’ त्याला कायद्याचे कलम ऐकवणे निर्दयपणाचे होईल. मी त्यांना बसवते, पाणी देते आणि सांगते की मुलगी काय बोलली हे मी सांगू शकत नाही, पण तुम्हाला घरी काय दिसते आहे ते तुम्ही मला सांगू शकता. गुप्ततेचा नियम मला बोलण्यापासून रोखतो, ऐकण्यापासून नाही. बहुतेक पालक मग बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातूनच ध्यानात येते की त्यांना बातमी नको होती, आपण काय करावे हे हवे होते. रोज सकाळी गुणांविषयी विचारू नका, जेवलीस का एवढे विचारा, लग्नाचा विषय परीक्षा होईपर्यंत काढू नका, असे काही साधे सांगता येते. पुढे मुलीची तयारी असेल तर तिघांनी एकत्र बसायचे. अशा एकत्र बैठकीत मी फार थोडे बोलते.

संस्थेची मागणी निराळ्या प्रकारची असते. ‘नॅक’ ही महाविद्यालयांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था. तिच्या मूल्यांकनात विद्यार्थी साहाय्य हा पाचवा निकष आहे आणि समुपदेशनाची नोंद त्यात धरली जाते. हे चांगलेच आहे. पण पुरावा म्हणून काय मागितले जाते ते पाहा. लाभार्थींची यादी, सह्यांचा कागद, आणि जिओटॅग असलेले फोटो. एका संस्थेत मला समुपदेशन सुरू असतानाचा फोटो मागण्यात आला होता, विद्यार्थ्याचा चेहरा दिसेल असा. मी रिकाम्या खोलीचा फोटो आणि महिनावार संख्यांचा तक्ता दिला, आणि त्यावर बरेच बोलणे ऐकून घेतले. आज असे सांगणाऱ्या प्रत्येक समुपदेशकाच्या हाती आधार आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या निर्देशांतच नोंदी निनावी ठेवाव्यात आणि वार्षिक अहवालात किती जणांना मदत केली, किती जणांना पुढे पाठवले अशी संख्या द्यावी, असे म्हटले आहे. माझ्या फाइलवर नाव नसते, क्रमांक असतो. नाव आणि क्रमांक यांची जोडणी वेगळ्या वहीत, वेगळ्या कुलपात असते. नोंदीत मी कमीत कमी लिहिते. निष्कर्ष, धोक्याची पातळी, ठरलेली पुढची पावले, एवढेच. मुलाने कोणाविषयी काय उद्गार काढले ते कागदावर उतरवण्याची गरज नसते.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे समुपदेशकावर टाकलेली इतर कामे. त्यालाच शिस्तपालन समितीवर घ्यायचे, हजेरी कमी असलेल्या मुलांना त्याच्याकडे ‘समज देण्यासाठी’ पाठवायचे, परीक्षेत त्याचीच पर्यवेक्षक म्हणून नेमणूक करायची, असे सर्रास घडते. काल ज्यांनी कॉपीची चिठ्ठी पकडली त्यांच्यासमोर आज मन कसे मोकळे करायचे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही. शिवाय अनेक ठिकाणी समुपदेशक तासिका तत्त्वावर असतो. वर्ष संपले की माणूस बदलतो, आणि विद्यार्थ्याला सगळी गोष्ट नव्या माणसासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. बहुतेक मुले सांगत नाहीत. पूर्णवेळ, वेगळ्या कामाचा भार नसलेला आणि निदान काही वर्षे टिकणारा माणूस, ही माझी मागणी सोयीसाठी नाही, गुप्ततेसाठी आहे. एखाद्याची गोष्ट जितक्या कमी लोकांना सांगावी लागेल तितकी ती सुरक्षित राहते.

प्राध्यापकांविषयी मला कृतज्ञतेने लिहिले पाहिजे, कारण मुलगा बदलला आहे हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येते. पुढच्या बाकावर बसणारा मागे जाऊ लागला, जर्नल अर्धवट राहिले, डबा न उघडता परत नेला, हे मला माझ्या खोलीत बसून कळणार नाही. ते त्याला माझ्याकडे पाठवतात आणि काही दिवसांनी आपुलकीनेच विचारतात, ‘काय निघालं हो त्याचं?’ मी त्यांना सांगते की तुम्ही पाठवलेत हेच मोठे काम झाले, यापुढे तो वर्गात कसा आहे ते मला कळवत राहा. सुरुवातीला काहींना हे तुटक वाटले. आता त्यांच्यापैकी काही जण स्वतःसाठीही येतात.

सगळे काम समुपदेशकाने करायचे नसते. गंभीर नैराश्य, भास-भ्रम, व्यसन, वजन झपाट्याने घटणे अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आणि सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिलमध्ये ती सोय अल्प खर्चात मिळते. मुलांना तिथल्या उपचारांची भीती नसते, केसपेपरच्या रांगेची असते. तिथे कोण भेटेल, काय विचारेल. म्हणून पहिल्या वेळी शक्य असेल तर मी सोबत जाते. औषधांविषयीही आधीच बोलते, कारण नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि मुले पहिल्याच आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडून देतात. डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीत काय लिहिले आहे ते विद्यार्थ्याने वाचल्याशिवाय मी पाकीट बंद करत नाही.

सोलापुरातल्या ज्या विद्यार्थ्यांपर्यंत हे लिखाण पोहोचेल त्यांना एवढे सांगायचे आहे की पहिल्या भेटीत समुपदेशकाला प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. माझी नोंद कोण वाचू शकते, ती किती काळ ठेवली जाते, कोणत्या प्रसंगी तुम्ही घरी कळवाल आणि कळवण्याआधी मला सांगाल का, हे खुशाल विचारा. उत्तर पटले नाही तर दुसऱ्या समुपदेशकाकडे जा. कोणाच्याही समोर जाण्याची तयारी नसेल, किंवा रात्री-अपरात्री विचार असह्य झाले, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेत मराठीसह अनेक भाषांत बोलता येते, त्यांत तेलुगू आणि कन्नडही आहेत, आणि फोन लागल्यावर भाषा तुम्हीच निवडता.